मीच असं समज

तक्त्याची शेवटची ओळ वाचून तो थांबला नाही. त्या ओळीच्या खाली, कोपऱ्यात, छापखान्याचं नाव मुंगीएवढ्या अक्षरांत होतं. तेही त्याने वाचलं आणि वर म्हणाला, "ह्यो छापखाना बंद पडला की आता."

मी त्याच्या नाकावरची तपासणीची जड चौकट काढून घेतली. सोलापुरात नव्या पेठेतल्या त्या चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासायचे आणि माणसांवर विश्वास ठेवणं मी तिथेच सोडलं होतं. डोळे तपासायला येणारा जो तो खोटं बोलतो. दिसत नसलं तरी दिसतंय म्हणतो. ड्रायव्हर लोक तर बाहेरच्या बाकावर बसून तक्ता पाठ करून येतात. पण दिसायला नको तेही दिसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते.

"तुम्हाला चष्मा कशाला हवाय?"

"चष्मा नकोच हाय." तो खुर्चीतून हलला नाही. उंच, रापलेला, पन्नाशीचा. अंगात वॉचमनचा खाकी शर्ट, खिशात विडीचं बंडल. दाराकडे एकदा बघून त्याने आवाज खाली आणला. "हात भरून आला का, ताई?"

एप्रिल महिन्यात सोलापुरात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून बसलेली मी एकटीच असेन. बाहीखाली काय आहे ते मी दुकानाच्या शेठना सांगितलं नव्हतं, घरमालकिणीला सांगितलं नव्हतं, अक्कलकोटला आईला तर नाहीच नाही.

"कुठला हात?"

"डावा. कोपराच्या खाली. आन् ते कुत्रं नव्हतं."

मी काउंटरवरची कात्री उचलली. त्याने ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

"तिन्हीसांज झाली की पाठीच्या कण्यात ठणका लागतोय का? उदबत्तीचा वास सोसत न्हाई? शेजारी मटण शिजत असलं तर तोंडाला पाणी सुटतंय?"

शेवटचा प्रश्न जिव्हारी लागला. आम्ही लिंगायत. आमच्या उंबऱ्याच्या आत कधी अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. आणि आदल्याच संध्याकाळी, खालच्या बिऱ्हाडातल्या मटणाच्या वासाने, मी जिन्यात बसून दाराच्या चौकटीला दात लावले होते. लाकडावर खुणा उमटल्या होत्या.

"चालते व्हा," मी म्हणाले.

तो उठला. जाताना बाकावरचं गाठोडं माझ्याकडे सरकवलं. आत घोंगडी होती, काळी, जाडीभरडी, मेंढराच्या वासाची. "तिन्हीसांजेला अंगावर घेऊन बसा. वास सोसायला शिका. न्हाई जमलं तर बंद गिरणीच्या चाळीत या. धुळाप्पा वॉचमन म्हटलं की कुणीबी घर दावंल."

बंद गिरणीचं नाव त्याने घ्यायला नको होतं.

कारण चावा मला तिथेच बसला होता. गिरणी बंद पडून कैक वर्षं झाली होती. चिमणी तेवढी उभी होती आणि मागच्या मैदानात वेड्या बाभळी माजल्या होत्या. दुकानातून खोलीवर जायला ती जवळची वाट. एका अमावास्येला, दिवे लागायच्या वेळी, मागून काहीतरी अंगावर आलं. मी तोंडावर पडले आणि हात जबड्यात गेला. त्या जनावराचा रंग मला आठवत नाही, डोळे आठवत नाहीत. दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे माझ्या तोंडावर आलेला त्याचा श्वास. त्यात जळक्या तंबाखूचा वास होता. आणि दुसरी म्हणजे कुठूनशी आलेली लांब शीळ, तुकड्यातुकड्यांत तोडलेली. ती ऐकताच जबडा सुटला.

सरकारी दवाखान्यात मी कुत्रं म्हणाले. त्यांनी कुत्र्याची इंजेक्शनं दिली.

आता विड्या ओढणारा, त्याच गिरणीवर पहारा करणारा आणि बाहीच्या आतली जखम ओळखणारा माणूस आपण होऊन दुकानात येतो. दोन आणि दोन चार करायला फार अक्कल लागत नाही. मला चावला तो हाच, आणि आपण काय करून ठेवलंय ते बघायला आलाय, अशी माझी खात्री झाली.

घोंगडी मी पलंगाखाली ढकलून दिली. पुढच्या अमावास्येच्या संध्याकाळी खोलीत माझी पाठ वाकली, नखं गादीत रुतली आणि घशातून जो आवाज निघाला तो ऐकून घरमालकीण खालून ओरडली, "बिराजदारबाई, कुत्रं पाळलंय का?" बाहेर पुरता अंधार पडला तशी मी पुन्हा माणूस झाले. गादीतला कापूस खोलीभर पसरला होता.

दुसऱ्या दिवशी खोली सोडावी लागली. मी अक्कलकोटची एसटी पकडायला स्टँडवर गेले. घरी वहिनीचं तान्हं बाळ होतं. त्याच्या टाळूला येणारा दुधातुपाचा वास मला तिथे, स्टँडवर उभ्या उभ्या आठवला आणि तोंडाला पाणी सुटलं. मी बॅग उचलून तशीच मागे फिरले. आयुष्यात इतकी भीती मला कधी वाटली नव्हती, आणि ती माझीच वाटत होती.

गिरणीच्या चाळीत मी गेले ती शिकायला म्हणून नव्हे. मला त्या माणसाच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. एकदा तो हो म्हणाला की पुढचं ठरलेलं होतं. मैदानात कसलंसं जनावर आहे अशी गावात कुजबुज होती आणि वनखात्याने तिथे पिंजरा लावला होता. त्या पिंजऱ्यावरचा वनरक्षक खंडागळे आमचं गिऱ्हाईक. कुठे आणि कधी थांबायचं हे त्याला सांगणारं कुणीतरी हवं होतं, एवढंच.

दार एका म्हातारीने उघडलं. कमरेत वाकलेली, हिरवं नऊवारी, कपाळावर मोठं गोंदण.

"आलीस व्हय गं? कवापास्नं वाट बघलालोय आमी. चपला आत घे, कुत्री न्हेत्यात."

माझी वाट? आणि कधीपासून? मी उंबऱ्यातच थबकले. पण तिने हात धरून आत ओढलं.

ही सोजराक्का. एके काळी याच गिरणीत सूतकताईच्या खात्यात होती. धुळाप्पा तिच्या पोटचा नव्हे. सांगोल्याकडचा धनगराचा पोरगा, मेंढरं राखताना चावा बसलेला. घरच्यांनी हाकलल्यावर भटकत गिरणीच्या दारात आला आणि तिने ठेवून घेतला. हे सगळं तिने भाकरी थापता थापता सांगितलं. पुढ्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि भरलं वांगं आलं.

"वशाट केलं न्हाई. लिंगायताची पोर हाय म्हनला धुळा. तू आपली लांडगा होऊन बी वांगंच खा. कोन नको म्हनतंय?"

मी प्रत्येक घासाचा वास घेत होते. ते तिच्या नजरेतून सुटलं नाही.

"इख घातलं असतं तर चटनी एवढी बेस झाली नसती," ती म्हणाली.

मला हसू आलं आणि हसू आल्याचा राग आला. मी विचारलं, "तुम्हालाही हे होतं का, आक्का?"

"हुतं की. जलमभर हुतं. ह्याला मीच तर शिकविलं. आता उतरलं बघ."

"म्हातारपणी उतरतं," धुळाप्पा मधेच म्हणाला. "दात पडतात तसंच."

तो जरा जास्तच घाईने बोलला. नंबर विचारायच्या आत नंबर सांगणारी माणसं मला चांगली ठाऊक होती. मी ते मनात नोंदवून ठेवलं आणि त्या रात्रीपासून तिथेच राहिले.

शिकवणी गिरणीच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये चालायची, ऊन पत्र्यावरून उतरायला लागलं की. धुळाप्पा मला घोंगडी पांघरायला लावायचा आणि मांडीवर एक कोकरू आणून ठेवायचा. कोकराचं नाव साहेब. ते खरंच साहेबासारखं होतं. कुणाला न विचारता माझ्या ओढणीचा काठ चावून खायचं.

"धरायचं. सोडायचं न्हाई आन् चावायचं बी न्हाई. नाकाला येऊ द्या, दातापर्यंत जाऊ देऊ नका."

"मेंढराच्या लोकरीत लांडगा," मी म्हणाले. "ही गोष्ट आम्हाला शाळेत वेगळी सांगितली होती."

तो पहिल्यांदा हसला.

अमावास्या जवळ नसली की नुसता ठणका असायचा, नखं हुळहुळायची. तेवढं मला जमायला लागलं. साहेब माझ्या मांडीवर निवांत झोपायचा. एकदा मात्र त्याच्या मानेचा वास फारच गोड येऊ लागला. माझं डोकं खाली झुकत चाललं, आणि समोर बसलेल्या धुळाप्पाने तोंडात बोटं घालून शीळ घातली. लांब, तुकड्यातुकड्यांत तोडलेली.

माझ्या मानेवरचे केस उभे राहिले.

"ही शीळ कुठली?"

"मेंढरामागची. कुत्र्यानं बाजूला व्हावं म्हणून घालत्यात."

"त्या संध्याकाळी तुम्ही मैदानात होता."

त्याने विडी पेटवली. काडी फुंकून विझवली. "हुतो."

"मग सांगा. मला कोण चावलं?"

"कळून काय करणार, ताई?"

"ते माझं मी बघेन."

"मग मीच असं समज," तो म्हणाला आणि उठून गेला.

इतके दिवस ताई आणि तुम्ही म्हणणारा माणूस त्या एका वाक्यात एकेरीवर आला होता. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून आता उर्मटपणा सुरू झाला. कबुलीजबाब म्हणून मला तेवढं पुरेसं होतं. पण 'समज' हा शब्द कुसळासारखा टोचत राहिला. माणूस एक तर 'मी' म्हणतो, नाही तर 'मी नाही' म्हणतो. 'समज' काय?

संशयाला खाद्य रोज मिळत होतं. अमावास्या आली की धुळाप्पा मला साहेबाबरोबर गोडाऊनमध्ये बसवायचा, बाहेरून कडी घालायचा आणि आक्काला घेऊन जायचा. कुठे, तर रेवणसिद्धाच्या देवळात. अंधार पडल्यावर परत यायचा तेव्हा शर्ट फाटलेला, हातांवर ओरखडे.

"बाभळ लागली," तो म्हणायचा.

देवळाच्या वाटेवरची ही बाभळ नेमकी अमावास्येलाच कशी लागते, ते मी विचारलं नाही. आक्का येऊन जी झोपायची ती सकाळपर्यंत. हा शिकारीला जातो आणि नाव देवाचं व्हावं म्हणून म्हातारीला फरफटत नेतो, असा मी हिशोब मांडला.

त्यात मिसरीचं प्रकरण. आक्काला जन्माची मिसरीची सवय, आणि मी आले त्याच सुमारास धुळाप्पाने ती बंद केली होती. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे. डॉक्टरांचं नाव मला कधी कळलं नाही. तो तिच्या कमरेची चंची तपासायचा, उशीखाली बघायचा. म्हातारी दिवसातून दहादा हिरड्यांवरून रिकामं बोट फिरवायची आणि मला म्हणायची, "तोंड निसतं मेल्यावानी झालंय गं."

एवढ्याशा सुखासाठी एका म्हातारीला रडवणारा माणूस काय लायकीचा असतो, ते मला वेगळं सांगायला नको होतं.

आणि खरी चीड वेगळीच होती. मला ते घर आवडायला लागलं होतं. आक्का माझ्या डोक्याला तेल घालायची, मला शिवू म्हणायची. शिवलीला या भारदस्त नावाचं तसं कुणी केलं नव्हतं. दुकानातून यायला उशीर झाला तर ती दारात उभी असायची आणि तो गिरणीच्या फाटकात, विडी ओढत, मला बघून न बघितल्यासारखं करत. ज्याला पिंजऱ्यात घालायचं त्याच्या घरी मला शांत झोप लागत होती. हे जास्त दिवस चालू देण्यात अर्थ नव्हता.

खंडागळे चष्म्याचा नंबर वाढलाय का बघायला आला, तेव्हा मी बाही वर केली.

"मॅडम! हे कुठं?"

"गिरणीमागे. येत्या अमावास्येला, दिवस मावळायच्या आधी गोडाऊनच्या मागच्या दाराशी या. दाखवते."

"नक्की?"

"माझ्या डोळ्यांनी पाहिलंय," मी म्हणाले. तसं म्हणताना काही वाटलं नाही.

त्या अमावास्येला मी दुपारीच दुकानातून निघाले. बॅग भरून ठेवली होती. धुळाप्पा साहेबासाठी पाला आणायला गेला होता. आक्का पडवीत बसून रिकामं बोट हिरड्यांवर फिरवत होती. तिचं घर आज मोडणार होतं आणि तिला ते ठाऊक नव्हतं. मला गलबलून आलं. निघण्याआधी तिला एक तरी गोष्ट द्यावी म्हणून मी येताना बाजारातून तंबाखूची पानं आणली होती. आमच्या घरी तंबाखू कुणी शिवत नसे. मिसरी कशी करतात हेही पानवाल्या बाईलाच विचारून घेतलं होतं.

"आक्का, तवा कुठला घेऊ?"

पुडी बघून तिचा चेहरा लहान पोरीसारखा फुलला. "त्यो फुटका घे. आन् चांगली काळी होऊ दे, कच्ची ठिवू नको. दार लाव गं, धुळा यील."

मी तवा तापवला, पानं टाकली. ती आधी वळली, मग तपकिरी झाली, मग धुरावली.

वास उठला, आणि माझा डावा हात कोपरापासून खाली ठणकायला लागला.

विडीचा धूर मी त्या घरात रोज घेत होते. इतक्या दिवसांत हाताला कधी काही झालं नव्हतं. विडी जळते तेव्हा तिचा वास हलका असतो, कोरडा. हा वास जड होता, कडवट, चिकट. मैदानात माझ्या तोंडावर आलेला श्वास हाच होता. जळकी तंबाखू म्हणजे विडी आणि विडी म्हणजे पुरुष, असं मी धरून चालले होते. तक्ता पाठ करून आलेल्या ड्रायव्हरसारखी मी उत्तर आधीच घेऊन बसले होते.

मग ती शीळ. ज्याच्या जबड्यात माझा हात होता, त्याला शीळ कशी घालता येईल?

आक्काने गरम पूड तळहातावर घेतली, बोट बुडवलं आणि डोळे मिटून दातांवर फिरवलं. "देवा," ती म्हणाली. "जीव आला बघ. आमुशेला तर मला ही लागायचीच. अंगात यायच्या टायमाला तोंडभर लावायची. दात बधिर व्हत्यात. मग चावायची वासना हुत न्हाई."

"कुणाला चावलात का कधी?" माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला.

"न्हाई गं बाई! माझ्या आईनं चावलं हुतं एका लेकराला. दुसऱ्या दिशी तिला कळलं, आन् तिनं आडात उडी घातली. मी बी तेच केलं असतं. माझ्या दातानं कुनाचं वाटुळं झालं तर मी एक रात काढायची न्हाई." तिने पुन्हा बोट बुडवलं. "पर उतरलं माझं. आता आमुशेला धुळा देवळात न्हेतो, बसल्या बसल्या माझा डोळा लागतो. उठते ती घरातच."

म्हणजे तिला काहीच आठवत नव्हतं. मी तवा खाली उतरवला. फडकं घ्यायचं विसरले, त्यामुळे चटका बसला.

दार ढकललं गेलं. धुळाप्पा पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन उभा होता. त्याने हवा हुंगली. भारा तसाच खाली पडला. तो आक्काकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. समोरच्याला काय दिसलंय आणि त्यातलं तो किती लपवतोय हे ओळखण्यात माझी उमर गेली. मला सगळं कळलंय, हे त्याला दिसलं होतं.

"रागवू नको रं," आक्का म्हणाली. "पोरीनं मायेनं भाजली."

  म्हातारी आमच्या तोंडांकडे आळीपाळीने बघायला लागली.

"काय झालंय? दोघंबी गप का? मला येक सांगा, ह्या पोरीला चावलं कोन? इच्यारलं की धुळा उठून जातो. शिवू, तुला तरी ठावं हाय का?"

धुळाप्पाने हात जोडले नाहीत, डोळ्यांनी खूण केली नाही. नुसता उभा राहिला. मी एक नाव घेतलं असतं तर त्या घरात सकाळी आक्का नसती.

"मामा चावले," मी म्हणाले. त्याला मी आजवर कुठल्याच नात्याने हाक मारली नव्हती.

"कोन मामा?"

"हे. धुळामामा."

आक्काने चुलीजवळचं उलथनं उचललं. "मुडद्या!" ती कमरेत वाकलेली, तो ताडासारखा, तिचा हात पोचेना. त्याने मान खाली घातली, पोचावा म्हणून. "ह्याच्यासाठी शिकविलं व्हय तुला? परक्याची लेक! आन् वर गप बसतोस?"

"चुकलं, आक्का," तो म्हणत होता. "चुकलं माझं." तिच्या हातात काय जोर होता? तरी त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो हसतही होता.

बाहेर मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. ऊन पत्र्यावरून उतरायला लागलं होतं. मी गोडाऊनच्या मागे गेले. खंडागळे बूट झटकत उभा होता, बरोबर जाळी घेतलेला एक माणूस.

"हं, मॅडम. कुठं?"

"काही नाही हो. कुत्रं होतं. मेलं ते. मीच बघितलं."

"तुम्ही तर हात दाखवलात."

"कुत्र्याचाच चावा. इंजेक्शनं घेतलीत मी, दवाखान्यात विचारा."

त्याने मीच बसवलेल्या चष्म्यावरून माझ्याकडे रोखून पाहिलं. त्याचा विश्वास बसला नव्हता. "तुमच्या डोळ्यांवर माझा भरवसा होता, मॅडम."

"नंबर बदलतो," मी म्हणाले.

मोटारसायकल लांब जाईपर्यंत मी तिथेच उभी राहिले. मागे वळले तर धुळाप्पा भिंतीला टेकून उभा.

"मिसरी बंद केलीत ती मला वास कळू नये म्हणून?"

"व्हय. पर मिसरीबिगर ती आवरत न्हाई." त्याने हातावरचे ओरखडे दाखवले.

"आणि तुम्ही माझी वाट बघत होता. मला शिकवलंत ते यासाठी. तिला धरायला दुसरा माणूस हवा म्हणून."

"व्हय," तो म्हणाला. खोटं बोलला असता तर मी बॅग घेऊन निघाले असते. "एकट्याच्यानं आता हुत न्हाई. त्या दिवशी मिसरी लावून बी हातातनं सुटली ती. माझं अंग उशिरा पालटतंय म्हणून शीळ तरी घालता आली. पर निसतं त्यासाठी न्हाई."

"मग कशासाठी?"

त्याने खिशातलं विडीचं बंडल काढलं आणि परत ठेवलं. "ते मला नीट सांगता यायचं न्हाई, पोरी. तू जेवायला नसलीस की आक्का भाकरी थापत न्हाई. माझ्याच्यानं बी मग जेववत न्हाई."

माझा संशय खरा ठरला होता. या लोकांना माझ्याकडून काहीतरी हवंच होतं. फक्त मला त्याचा राग येईना.

"पण आज मलाही होईल," मी म्हणाले. "तिला धरून मीच चावले तर?"

"साहेबाला कधी चावलीस का?"

तेव्हा कुठे मला कळलं, इतके दिवस माझ्या मांडीवर कोकरू कशाला ठेवलं जात होतं.

आम्ही आक्काला गोडाऊनमध्ये आणलं. "आज देवळात न्हाई का न्ह्यायचं?" तिने विचारलं. "आज घरीच बसू," धुळामामा म्हणाले. घोंगडी तिच्याभोवती गुंडाळली. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. तिच्या तोंडात मिसरी होती आणि ती मामांना अजून शिव्या देत होती. देता देता तिचे शब्द जड झाले. मग लोकरीखाली तिची पाठ उंच झाली. माझीही नखं हुळहुळली, दात शिवशिवले, समोर मामांचा चेहरा लांबत गेला. तिच्या तोंडाचा तो वास सरळ माझ्या हातात शिरला. हात सगळं विसरून चावा परत करायला निघाला होता. मी लोकरीत तोंड खुपसलं आणि धरून ठेवलं. ती तीनदा उसळली. मी सोडलं नाही आणि चावलं नाही.

पत्र्याच्या फटीतून दिसणारा आभाळाचा तुकडा काळा झाला. आक्का माझ्या मांडीवर डोकं ठेवून घोरत होती.

त्यानंतर आक्का पुष्कळ वर्षं जगली. बॅग मी पुन्हा भरली नाही. अमावास्येच्या दुपारी मिसरी मीच भाजायचे, हात ठणकायचा आणि मी भाजत राहायचे. खरं काय ते तिला कधी कळलं नाही. मामांना मात्र तिने जन्मभर सोडलं नाही. जेवताना भाकरी पहिली मला, मग त्यांना. पाहुणा आला की सांगायची, ह्यानं आमच्या पोरीला चावा घेतला. मामा मान खाली घालून म्हणायचे, चुकलं.

शेवटच्या दुखण्यात तिने मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता. मामा तिच्या पायाशी बसून तळवे चोळत होते.

"शिवू, माझ्यामागं ह्याच्यावर नदर ठिव गं," ती म्हणाली. "चावरा हाय."

"ठेवते, आक्का," मी म्हणाले.